लिंबाजी ओताऱ्याची तलफ

त्या वर्षी श्री रेवणगीर महाराज उंबरखळी या गावी मुक्कामास होते. गावाच्या उगवतीला धारेश्वराचे दगडी देऊळ, देवळामागे शेणाने सारवलेली दोन खणांची मठी आणि मठीपुढे बेलाचे एक झाड. महाराजांना तिथे येऊन चार महिने झाले होते. ते प्रवचन करीत नसत, कोणाला मंत्र देत नसत. आल्यागेल्याला बसवून घ्यायचे, तांब्याभर पाणी द्यायचे आणि त्याचे सगळे ऐकून घ्यायचे. तेवढ्यानेच माणूस हलका होऊन घरी जाई.

याच गावात नागेशशास्त्री नावाचे वैद्य राहात. नाडीपरीक्षेत त्यांचा हात धरणारा आसपासच्या दहा कोसांत कोणी नव्हता. मनगटावर तीन बोटे टेकवली की रोग्याने काल काय खाल्ले आणि काय लपवले, दोन्ही सांगत. शास्त्रीबुवा मनाने वाईट नव्हते. गरिबाला औषध द्यायला ते मध्यरात्रीही उठत. पण जे आपल्या बोटांना कळत नाही ते खोटेच असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. महाराजांच्या मठीकडे माणसांची रीघ लागलेली पाहून ते ओसरीवरून म्हणायचे, "पाणी पाजून माणसं बरी होत असती, तर ओढ्यालाच वैद्य म्हणायला हवं."

गावात लिंबाजी नावाचा एक ओतारी होता. समया, घंटा, देव्हाऱ्यातले देव, असे ओतीव काम त्याच्या घराण्यात चालत आलेले. हाताचा फार कसबी, पण तंबाखूचा तितकाच गुलाम. दहाव्या वर्षी बापाच्या चंचीतून पहिली चिमूट घेतली, ती पुढे तीस वर्षे सुटली नाही. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, तिला चुन्याचे बोट लावायचे, उजव्या अंगठ्याने मळून ती दाढेखाली धरायची. जेवण झाले की तंबाखू, भट्टी पेटवली की तंबाखू, झोपतानाही गालात तंबाखू. अलीकडे त्याच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडला होता. भाजीत जरा तिखट जास्त झाले की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचे.

शास्त्रीबुवांनी त्याला पाच वेळा औषध दिले. पाचही वेळा लिंबाजीने तंबाखू सोडल्याची शपथ घेतली आणि पाचही वेळा चौथ्या दिवशी ती मोडली. शेवटी शास्त्रीबुवा चिडले. भर ओसरीवर, चार माणसांदेखत म्हणाले, "लिंबाजी, तुझ्या तिरडीवरसुद्धा चुन्याची डबी बांधावी लागेल. यापुढे माझा वेळ घालवू नकोस." माणसे हसली. लिंबाजी खाली मान घालून निघून गेला.

चैत्रात धारेश्वराच्या घंटेला तडा गेला. नवी घंटा ओतायचे ठरले. आनंदराव पाटलांनी काम लिंबाजीकडे दिले. जुनी घंटा मोडून त्यात घराघरातून आलेले कांशाचे तुकडे, फुटक्या वाट्या, म्हाताऱ्या बायकांनी जपून ठेवलेली ताटे घातली गेली. पुरोहिताने मुहूर्त काढला. त्या मुहूर्ताला नऊ दिवस राहिले असताना लिंबाजी मठीत गेला. त्याने कमरेची चंची सोडून महाराजांच्या पायांशी ठेवली.

म्हणाला, "देवाची घंटा ओतायची आन् तोंडात ही घाण. आजपासनं बंद. पर महाराज, माझा माझ्यावरच भरवसा नाय. पाच डाव मोडलंय."

महाराज म्हणाले, "सोडतोस ते चांगलं करतोस. तीन-चार दिवसांनी जीव कासावीस होईल. तेव्हा घरी कुढत बसू नकोस, इथे ये. एकट्यानं सोसायचं नाही."

ही हकीकत दुपारपर्यंत शास्त्रीबुवांच्या कानावर गेली. त्यांनी सांगणाऱ्याला दोनदा खोदून विचारले, "अंगारा दिला? ताईत बांधला? काही खायला घातलं?" काहीच दिले नाही म्हटल्यावर ते आणखी सावध झाले. काही न देता हा साधू माणसाची तीस वर्षांची सवय सोडवणार, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

चौथ्या दिवशी सकाळी ते मुद्दाम लिंबाजीच्या अंगणात गेले. पाहतात तो लिंबाजी घंटेच्या साच्याला माती लावीत बसलेला. कपाळावर घाम डबडबलेला, बोटे थरथरत होती. बायकोने, ठकूबाईने, पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला तर तो तिच्यावर खेकसला, आणि लगेच शरमून दुसरीकडे पाहू लागला. ठकूबाई शास्त्रीबुवांना हळूच म्हणाली, "दोन दिस झालं, अन्न गोड लागत नाय. पोट साफ नाय. टक्क डोळं उघडं ठिवून पडत्यात."

ही सारी लक्षणे शास्त्रीबुवांना पाठ होती. आज मोडणार, असे त्यांनी मनात ताडले. त्यांनी पडशीतून पानाची पुडी काढली. येताना शेजाऱ्याकडून चिमूटभर तंबाखू मागून आणली होती, ती चुना लावून तयार होती.

"हे बघ लिंबाजी," ते गोड आवाजात म्हणाले, "हे औषध समज. घंटा ओतायची तर हात स्थिर हवा. एवढी एक चिमूट घे, मुहूर्त पार पडू दे, मग सोड."

लिंबाजीची नजर पुडीवर खिळली. मग त्याने मातीचे दोन्ही हात पाठीमागे नेले. "न्या ते, शास्त्रीबुवा," तो म्हणाला, "माझ्या म्होरनं न्या." आणि तो उठून तसाच, माती न धुता, मठीच्या वाटेला लागला.

पाचव्या दिवशी त्याचा घाम ओसरला. सहाव्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली. हे ऐकले आणि शास्त्रीबुवांच्या मनात पाल चुकचुकली. इतकी जुनी तलफ इतक्या लवकर निम्म्यावर येत नाही, हे त्यांनी शेकडो माणसांत पाहिले होते. म्हणजे लिंबाजीला कुठून तरी तंबाखू मिळत होती. आणि चंची कोणाकडे होती, हे तर सगळ्या गावाला ठाऊक होते.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी लिंबाजी मठीकडे निघाला, तसे शास्त्रीबुवा बेलफळे वेचण्याच्या निमित्ताने मागून गेले आणि मठीच्या भिंतीआड उभे राहिले. आतून बोलणे ऐकू आले.

"निम्मं माझं, निम्मं तुझं, असंच ठरलंय ना?" हा महाराजांचा आवाज.

"ठरलंय," लिंबाजी म्हणाला, "पर तुमच्याकडंच जास्ती चाललंय, महाराज."

"चालू दे. तू कुणापाशी बोलू नकोस."

शास्त्रीबुवांना वाटले, चोर सापडला. चंची दोघांत वाटली जात होती, आणि मोठा वाटा साधूकडे चालला होता.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी महाराजांवर पाळत ठेवली. रोग्यांना बसवून ठेवून देवळाच्या पायरीवर येऊन बसत आणि जपाची माळ हातात धरून मठीच्या दाराकडे पाहात. भिंतीच्या बुडाशी एक तांबडा डाग दिसला. कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी तो नखाने खरवडून हुंगला, तर ती देवळाच्या रंगकामातली काव निघाली. पण बाकी जे दिसले ते त्यांच्या संशयाला बळ देणारेच होते. महाराजांचे ओठ सुकले होते. भर सावलीत बसूनही कपाळावर घाम येत होता. समोरचे ताट ते तसेच परत पाठवीत. पुजाऱ्याच्या हातून पाणी सांडले तेव्हा महाराज, ज्यांचा चढा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, एकदम कडाडले, "डोळे फुटलेत का?" मग क्षणभराने त्यांनी पुजाऱ्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "चुकलो रे. मनावर घेऊ नकोस."

आणि एक गोष्ट तर शास्त्रीबुवांनी इतक्या जवळून पाहिली की डोळ्यांवर अविश्वास ठेवायला जागाच उरली नाही. महाराज डोळे मिटून बसले होते. त्यांचा डावा तळहात उताणा होता आणि उजवा अंगठा त्यावर आपोआप फिरत होता. मधेच थांबे, पुन्हा फिरे. तळहातावर काही नव्हते. वर्षानुवर्षे तंबाखू मळणाऱ्याशिवाय हा चाळा कोणाला जडत नाही.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ते पाटलांच्या सदरेवर गेले. "पाटील, तुमचे महाराज तंबाखू खातात," ते म्हणाले. "नुसते खात नाहीत, त्यांना ती कमी पडते आहे. एक चंची दोघांत पुरत नाही. अंगावर सगळी लक्षणं उमटली आहेत."

पाटील उठून त्यांना सदरेच्या कडेला घेऊन गेले. मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही शहाणे. पण उद्या गावाची घंटा आहे. दंगा नको. खात्री करायची तर मठीत जाऊन, त्यांच्या तोंडावर करा."

"नाडी खोटं बोलत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "उद्या बघतोच."

मुहूर्ताचा दिवस उजाडला. सगळे गाव लिंबाजीच्या अंगणात लोटले. घंटा ओतताना त्या गावची रीत अशी होती की मुशीतला, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यातला, रस साच्यात पडू लागला की शंख फुंकायचा, आणि साचा भरला की दुसऱ्यांदा फुंकायचा. मधल्या वेळात कोणी बोलायचे नाही. रसाची धार एकसंध पडली पाहिजे. हात हलून धार तुटली तर घंटेत सांधा राहतो, तिला नाद येत नाही, आणि घराघरातून आलेले ते सगळे कांसे वाया जाते. सकाळी उठल्यापासून लिंबाजीचे हात पुन्हा थरथरू लागले होते. धास्तीने तलफ दुप्पट झाली होती. भात्याशी बसलेली ठकूबाई त्याच्याकडे पाहायचे टाळीत होती.

शास्त्रीबुवा मात्र तिकडे गेले नाहीत. ते मठीत आले. महाराज एकटेच बसले होते.

"आपण गेला नाहीत?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"माझं काम इथेच आहे," महाराज म्हणाले. "या, बसा."

शास्त्रीबुवा बसले नाहीत. "स्पष्टच बोलतो. आपण तंबाखू खाता, असा माझा संशय आहे. लिंबाजीची चंची आपल्याकडे आहे. मला ती पाहायची आहे. आपलं तोंड पाहायचं आहे, आणि नाडीही."

महाराजांना राग आला नाही. त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवले. शास्त्रीबुवांनी चंची खाली घेतली. ओताऱ्याच्या सवयीने लिंबाजीने तिच्या गाठीवर मेण ओतून त्यावर आपला अंगठा उमटवला होता. मेण जसेच्या तसे होते. त्याला चीरही नव्हती. शास्त्रीबुवांनी ती दाराच्या उजेडात नेऊन फिरवून फिरवून पाहिली. मग त्यांनी महाराजांना तोंड उघडायला सांगितले. दात स्वच्छ होते. हिरड्यांवर, गालाच्या आत, जिभेखाली कुठे डाग नव्हता. या तोंडाने तंबाखूचा कणही चाखलेला नव्हता, एवढे कळायला वैद्यही लागला नसता.

तरी शास्त्रीबुवांना पटेना. चंची दुसरीही असू शकेल. तोंड राखेने घासून स्वच्छ ठेवता येते. ते खाली बसले आणि त्यांनी महाराजांचा हात हाती घेतला. तीन बोटे मनगटावर टेकवली. नाडी जराशी अशक्त होती, बाकी शांत.

तेवढ्यात लांबून शंखाचा आवाज आला. लिंबाजीने मूस तिरपी केली होती.

त्याच क्षणी शास्त्रीबुवांच्या बोटांखालची नाडी उसळली. महाराजांचे सर्वांग कापू लागले. दरदरून घाम फुटला, धाप लागली, आणि मोकळ्या हाताचा अंगठा स्वतःच्याच बोटांवर वेड्यासारखा घासू लागला. शास्त्रीबुवांनी आयुष्यात हजारो नाड्या पाहिल्या होत्या. ही तलफेची नाडी होती, यात शंका नव्हती. पण इतकी तीव्र तलफ त्यांनी कोणात पाहिली नव्हती. आणि तंबाखू न खाल्लेल्या माणसाच्या देहात ती आली कुठून, हे त्यांना उमगेना.

"महाराज, पाणी आणू?" त्यांच्या तोंडून निघून गेले.

महाराजांनी मान हलवली. ओठ आवळून ते म्हणाले, "नको. हात सोडू नका. बघत राहा."

शास्त्रीबुवा बघत राहिले. शंभर आकडे मोजायला लागावा इतका वेळ ते कंपन चालले. मग दुसऱ्यांदा शंख वाजला. शंखाचा आवाज विरला तशी नाडीही उतरू लागली. कापणे थांबले. महाराजांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"हे काय होतं?" शास्त्रीबुवांनी विचारले.

महाराज म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही भिंतीआड उभे होतात. ऐकलंत तेच. रोजचं निम्मं घेत होतो. आज तेवढ्यापुरतं सगळं घेतलं."

शास्त्रीबुवा उठले आणि तडक लिंबाजीच्या अंगणात गेले. अजूनही त्यांच्या मनात एक कोपरा म्हणत होता, हा योगायोग असेल, नाहीतर दोघांनी संगनमताने केलेला खेळ असेल. महाराजांकडून इथे अजून कोणी आले नव्हते, म्हणून त्यांना लिंबाजीला आधी गाठायचे होते. त्यांनी त्याला गर्दीतून बाजूला घेतले आणि काही न सुचवता एवढेच विचारले, "ओतताना काय झालं? खरं सांग."

लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "खरं सांगू का, मूस उचलली तवा आता सांडतीया असं वाटलं. हात थाऱ्यावर नव्हतं. डोळ्याम्होरं निस्ती तंबाकू. आन् धार सुटली तशी... कशी सांगू? कुनीतरी अंगावरचं घोंगडं काढून न्यावं तसं झालं. तलफच नाय. हात दगडावानी. तीस वर्सांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं."

"आणि नंतर?"

"दुसरा शंक वाजला आन् परत आली, शास्त्रीबुवा. आता बी हाये." त्याने आपले हात पुढे केले. ते थरथरत होते. "म्हाराजांनी बोलू नको म्हनलं हुतं. पर तुमी इचारलं."

शास्त्रीबुवा घरी गेले. त्या दिवशी त्यांनी कोणाला औषध दिले नाही. पत्नीने दोनदा जेवायला हाक मारली, तेही त्यांना ऐकू गेले नाही. संशय अजून पुरता गेला नव्हता. साचा फुटेपर्यंत काहीच मानायचे नाही, असे ते स्वतःला बजावीत राहिले. धार तुटली असेल तर घंटाच सांगेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी साचा फोडला. महाराजही आले होते. आतून घंटा निघाली ती अंगावर एकही खळगा नसलेली. लोक पुढे सरसावले, पण शास्त्रीबुवा सर्वांच्या आधी वाकले. त्यांनी घंटेच्या कडेवरून बोट फिरवले. नाडी पाहावी तसे, सावकाश, एक पूर्ण फेरा. कुठे सांधा लागला नाही. मग पाटलांनी लाकडाचा टोला दिला. नाद निघाला तो पार ओढ्यापलीकडच्या शेतांपर्यंत गेला. तिथली माणसे काम सोडून वळून पाहू लागली.

नाद थांबला तेव्हा शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी होते. ते महाराजांपुढे आले. म्हणाले, "मी आपल्या भिंतीला कान लावला. आपल्या भिंतीवरची काव खरवडून हुंगली. भर सदरेवर आपल्याला तंबाखूबाज म्हटलं. मला क्षमा करा." आणि ते पाय धरायला वाकले.

महाराजांनी त्यांना दंडाला धरून थांबवले. "शास्त्रीबुवा, संशय घेतलात म्हणून नाडी धरलीत. नाही तर कळलं नसतं. राग नाही माझा." मग ते म्हणाले, "पण एक ऐका. मी उद्या पुढच्या गावाला निघतो. लिंबाजीची तलफ अजून गेलेली नाही. महिना, दोन महिने ती येत-जात राहील. जेवण झालं की येईल, भट्टी पेटवली की येईल. आली की थोडा वेळ टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ त्याच्यापाशी कुणीतरी बसायला हवं. माझा वाटा मी उचलला. पुढचा कुणी उचलायचा?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "मी उचलतो. पोटाला हलका काढा देईन. दाढेखाली धरायला लवंग, बडीशेप, ज्येष्ठमधाची कांडी देईन. गालाचा चट्टा दर आठ दिवसांनी पाहीन. जीव कासावीस झाला की त्यानं माझ्या ओसरीवर यावं, वेळ कोणतीही असो."

"हे चांगलं औषध आहे," महाराज म्हणाले. "आता पाया पडायचं असेल तर त्याच्या पडा. मी नऊ दिवस सोसलं. त्याला जन्मभर सोसायचं आहे, आणि तरी तुमची पुडी त्यानं परत पाठवली."

लिंबाजी घाबरून मागे सरकला, "नगं, शास्त्रीबुवा, नगं," म्हणू लागला. पण त्याच्या पाठीशी भिंत होती. ज्या वैद्याने भर ओसरीवर त्याचे हसे करून त्याला घालवले होते, तो वैद्य मातीत गुडघे टेकून खाली वाकला आणि त्याने ओताऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी हात जोडले. ते पाहून सगळ्या गावाने हात जोडले.